ड्रॉप येतो, पण दणका बसत नाही? बिल्डअपमधल्या या चुका टाळा

कोथरूडच्या बेडरूममध्ये बनवलेला ट्रॅक कोरेगाव पार्कच्या क्लबात वाजतो, बिल्डअप (ताण वाढवत नेणारा भाग) झकास चढतो आणि ड्रॉप (ताण सुटून किक-बेस जोरात येतात तो भाग) आला की लोकांचे हात खाली येतात. मग बहुतेक जण घरी जाऊन ड्रॉपमध्ये आणखी एक सिंथ घालतात. दुखणं असतं बिल्डअपमध्ये. तिथेच सगळं वाटून झालेलं असतं, ड्रॉपला द्यायला काही उरत नाही.

आधी लाउडनेस मीटर बघा. शॉर्ट-टर्म आकडा ३ सेकंदांच्या सरासरीचा असतो, म्हणून बिल्डअपचे शेवटचे २ बार (१ बार म्हणजे ४ बीट) आणि ड्रॉपचे पहिले २ बार यांची तुलना करा. पहिला आकडा मोठा निघाला, तर कितीही सिंथ घाला, उपयोग शून्य. व्हाइट नॉइज (सळसळ), स्नेअर रोल (स्नेअर ड्रमचे सलग फटके) आणि रिव्हर्ब (घुमारा) मिळून मास्टरवरच्या लिमिटरला (अख्ख्या ट्रॅकचा आवाज मर्यादेत ठेवणाऱ्या साधनाला) आधीच दाबून ठेवतात, त्यामुळे ड्रॉपचा किक (बेस ड्रमचा ठोका) आला तरी आवाज वाढायला जागा नसते. उपाय अगदी साधा आहे: बिल्डअपच्या ग्रुपचा आवाज शेवटपर्यंत हळूहळू दीड-दोन डीबीने खाली आणा. ऐकणाऱ्याला कळतही नाही, कारण रायझरचा (चढत जाणाऱ्या इफेक्टचा) सूर वरच चढत असतो.

त्याच काळात बेस काढून घ्या. हाय-पास फिल्टर ठरावीक रेषेखालचा, म्हणजे कटऑफखालचा आवाज कापतो; हा कटऑफ ३० हर्ट्झपासून २५०-३०० हर्ट्झपर्यंत न्या; सुरुवातीला सावकाश, शेवटच्या ४ बारांत झपाट्याने. स्टिरिओची रुंदीही थोडी आवळा, म्हणजे ड्रॉप आपोआप पसरट वाटतो. ५ इंची मॉनिटर स्पीकरवर बेस गेल्याचा फरक पुरता जाणवत नाही, म्हणून चांगल्या हेडफोनवर तपासाच.

पहिलाच किक मवाळ वाटतोय? फिल्टरचं ऑटोमेशन (आधी आखून ठेवलेला बदल) अगदी ड्रॉपच्या रेषेवर मूळ जागी येत असेल, तर प्लगइनच्या (इफेक्टच्या सॉफ्टवेअरच्या) उशिरामुळे किकचं तोंड कापलं जातं. रीसेट थोडा आधी, ड्रॉपआधी शेवटच्या बीटला ठेवतात त्या शांततेत करा. रिव्हर्बची शेपटीही तिथेच तोडा.

लांबी? १२८ बीपीएमला १६ बार म्हणजे बरोबर ३० सेकंद. त्यापेक्षा जास्त ताणायचं असेल तर मध्ये काहीतरी घडायला हवं. नुसता नॉइज चढत राहिला की लोक मोबाइल काढतात.

सुरांकडे मात्र फार कमी जण बघतात. गाणं ए मायनरमध्ये असेल आणि बिल्डअपमध्येही दर ४ बारांनी ए मायनर कॉर्ड येत असेल, तर ओढ लागणार कशाची? सा, म्हणजे इथे ए, टाळा. पंचमाच्या कॉर्डवर, म्हणजे ई मेजरवर रेंगाळा. त्यातला जी शार्प हा शुद्ध निषाद षड्जाकडे खेचतो. सा थेट ड्रॉपवर द्या.

आता स्नेअर रोल. पाव, अष्टमांश, षोडशांश, मग त्याच्याही दुप्पट, आणि प्रत्येक फटका सारख्याच जोराचा. हे इतकं वापरून झालंय की पुढे काय येणार ते सगळ्यांना पाठ आहे. निदान व्हेलॉसिटी (फटक्याचा जोर) तरी चढती ठेवा. पण सवाई गंधर्व महोत्सव होतो त्या शहरात बसून तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) वापरायची नाही, हे मला पटत नाही. षोडशांशाच्या ग्रिडवर (एका बारला १६ घरं) शेवटच्या बारच्या पहिल्या घरापासून ५ फटके, १ घर रिकामं, पुन्हा ५, पुन्हा १ रिकामं आणि पुन्हा ५. एकूण १७ घरं होतात, म्हणजे शेवटचा फटका बरोबर समेवर, ड्रॉपच्या पहिल्या किकवर पडतो. तो फटका स्नेअरने देऊ नका, किकलाच देऊ द्या. मधली रिकामी घरं खरोखर रिकामी हवीत: नॉइज बंद, रिव्हर्ब बंद. तिहाई वापरली तर ड्रॉपआधीची ती ठरावीक एका बीटची शांतता काढून टाका आणि फिल्टरचा रीसेट दुसऱ्या रिकाम्या घरात हलवा.