शिकारीसाठी हलका रेनकोट निवडताना

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या डोंगरांत सप्टेंबरमध्ये धनुष्यबाणाने एल्क या मोठ्या हरणाची शिकार करणाऱ्यांना दुपारच्या वादळी सरी वारंवार गाठतात, म्हणून पाठपिशवीत कायम राहील असा, सुमारे 400 ग्रॅमच्या आतला रेनकोट घ्यावा. कापडाची जलरोधकता किमान 10,000 मिलिमीटर (म्हणजे तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब न गळता सोसण्याइतकी) असावी आणि शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असावी. मात्र माझ्या मते खरी कसोटी आवाजाची आहे: अतिहलके कापड बहुधा सळसळते आणि एल्कचे कान फार तिखट असतात, त्यामुळे दुकानातच बाही अंगावर घासून, धनुष्य ताणल्यासारखा हात मागे नेऊन पाहावे. चढणीवर घामाची वाफ जाण्यासाठी काखेत चेन हवीच. रायफलच्या हंगामात मात्र झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी रंग कायद्याने बंधनकारक असल्याने, तशा रंगाचे जाकीट रेनकोटावरून चढवता येते ना, हेही तपासावे.