जुनी लढाईची पत्रे वाचताना या चुका टाळा

पेशवेकालीन पत्रे वाचताना मोडीवर अडलेला माणूस निदान थांबून कुणाला विचारतो. घात करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. 18 व्या शतकातल्या पत्रात ‘बाण सोडले’ असेल तर धनुष्य शोधू नका. नळीत दारू ठासून बांबूला बांधलेले ते अग्निबाण. ‘मोर्चे लावले’ म्हणजे किल्ल्यासमोर आडोसे उभारून तोफा बसवल्या. आणि ‘लाख फौज’ वाचली की राऊत (घोडेस्वार), गारदी (बंदूकधारी पायदळ) आणि बुणगे वेगळे मोजलेत का, ते आधी पाहा. बुणगे म्हणजे लढणारे नव्हेत, सोबतचे बाजारकरी, नोकरचाकर.

सर्वांत जास्त चुका तारखांत होतात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हा सुहूर सन, म्हणजे अरबी अंकशब्दांत लिहिलेले वर्ष, एककापासून वाचायचा: 1 + 60 + 100 + 1000 = 1161. हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या आरंभी बदलतो. म्हणून इसवी सन काढताना जून ते डिसेंबरच्या पत्राला 599 मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंतच्या पत्राला 600. शकाचेही तसेच: डिसेंबरअखेर 78, पुढे फाल्गुनअखेर 79. पानिपत पौष शुद्ध 8, शके 1682 ला झाले. डोळे मिटून 78 मिळवलेत तर 1760 येते, आणि लढाई तर 14 जानेवारी 1761 ची! ‘छ’ पुढचा आकडा मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख असते. तो दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे एका दिवसाचा फरक आला तर पत्र खोटे ठरवू नका.

बेळगाव-खानापूरकडच्या वाचकाला आणखी एक चकवा लागतो. जुन्या इंग्रजी ग्रंथांतले ‘कर्नाटिक’ म्हणजे अर्काट-त्रिचनापल्लीकडचा मुलूख. पेशव्यांची ‘कर्नाटकची स्वारी’ मात्र बहुधा कृष्णेपलीकडची, आपल्याच बाजूची. इंग्रजी सूचीत आपला भाग ‘सदर्न मराठा कंट्री’ खाली शोधा. मोगली कागदांत बेळगाव ‘आझमनगर’ नावाने येते.

घटना कधीची आणि लिहिले कधी, याचे वहीत दोन रकाने ठेवा. बहमनी वजीर महमूद गावानने 1472-73 च्या सुमारास बेळगावच्या वेढ्यात दारूचे सुरुंग लावले आणि दख्खनला ते तोवर ठाऊक नव्हते, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्याने ते लिहिले सव्वाशेहून अधिक वर्षांनी. सुरुंग लागले असतील. ‘तोवर ठाऊक नव्हते’ यापुढे मात्र पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा.