अंतर्गत धोरण तयार करताना आणि मंजूर करून घेताना या चुका टाळा

‘कार्यालयीन लॅपटॉप बदलीनंतर तात्काळ जमा करण्यात यावा.’

हे वाक्य मी लिहिलं होतं. पाच शाखांमधून ते फिरून आलं, कुणीही त्यावर शेरा मारला नाही, वरून सही झाली आणि परिपत्रक निघालं. वर्षभरानंतर लेखापरीक्षणात आक्षेप आला तेव्हा शोधाशोध सुरू झाली. तीन लॅपटॉप आस्थापना शाखेच्या कुलूप नसलेल्या खणात सापडले. एक लॅपटॉप बदली झालेल्या अधिकाऱ्याने आपल्या जागी आलेल्या माणसाच्या हातात परस्पर दिला होता. पोच कुणाकडेच नव्हती. यात आदेश मोडला असं एकाही माणसाबद्दल म्हणता येत नव्हतं, कारण जमा कुणी करायचा, कुणाकडे आणि किती दिवसांत, हे माझ्या वाक्यात नव्हतंच.

मग ते असं लिहिलं: ‘बदली झालेला कर्मचारी कार्यमुक्त होण्यापूर्वी लॅपटॉप आणि चार्जर भांडार शाखेत जमा करील. भांडारपाल त्याच दिवशी लेखी पोच देईल. पोच जोडलेली नसल्यास आस्थापना शाखा कार्यमुक्तीचा आदेश काढणार नाही.’ वाक्यं तीन झाली, पण प्रत्येकात काम करणारा माणूस दिसतो.

सार्वजनिक संस्थांच्या अंतर्गत धोरणांमध्ये मला सगळ्यात जास्त आढळलेली चूक हीच आहे. ‘करण्यात यावे’, ‘दक्षता घेण्यात यावी’, ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ ही वाक्यं कानाला इतकी सरावाची आहेत की त्यांतला कर्ता गायब आहे हे लक्षातच येत नाही. मसुदा हातावेगळा करण्यापूर्वी प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि समासात पदनाम लिहा. जिथे पदनाम सुचत नाही, तिथे निर्णय व्हायचा राहिलेला आहे.

‘करावे’ या रूपाचाही घोळ असतो. वरिष्ठ त्यात आज्ञा वाचतात, खालचा माणूस सल्ला वाचतो, आणि दोघांचंही मराठी बरोबर असतं. इंटरनेटची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ हा छोटा दस्तऐवज काढून कोणत्या शब्दाने सक्ती, कोणत्याने शिफारस आणि कोणत्याने मुभा समजायची हे ठरवून टाकलं. तेच धोरणाच्या पहिल्या पानावर करता येतं: ‘करील’ म्हणजे बंधनकारक, ‘करावे’ म्हणजे सबळ कारण नसेल तर असंच, ‘करू शकेल’ म्हणजे ऐच्छिक. पुढे सगळीकडे तेच पाळायचं.

धोरण हवंच आहे का?

काहीतरी बिनसतं आणि बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘यावर धोरण आणा.’ इथे घाई करू नका. एका माणसाने नियम मोडला असेल, तर नियम आधीपासून आहेच. तिथे त्या माणसाशी बोलावं लागतं किंवा कारवाई करावी लागते. ते अवघड वाटतं म्हणून सगळ्यांसाठी नवीन परिपत्रक काढलं जातं, आणि नीट वागणाऱ्या माणसांवर एक फॉर्म वाढतो.

खरोखर गरज असेल, तर कोणती गोष्ट कुठल्या कागदावर जाणार हे आधी ठरवा. तत्त्व आणि जबाबदारी धोरणात, पायऱ्या कार्यपद्धतीत, नमुने परिशिष्टात. मी धोरणांच्या मुख्य मजकुरात अर्जाचा नमुना, संगणक प्रणालीचं नाव, इतकंच काय संपर्क क्रमांकसुद्धा पाहिले आहेत. क्रमांक बदलला की फाइल पुन्हा सर्वोच्च मंजुरीला जाते, किंवा कुणीच पाठवत नाही आणि चुकीचा क्रमांक वर्षानुवर्षं तसाच राहतो. ‘परिशिष्टात बदल करण्याचा अधिकार शाखाप्रमुखाला राहील’ एवढं एक कलम घातलं की ही अडचण सुटते.

मंजुरी कुणाची, आणि नेमकी कशाला?

सही मोठ्या साहेबांची आहे म्हणजे मंजुरी वैध आहे, असं नाही. त्या विषयाचा अधिकार त्या पदाला आहे का, हे अधिकार सोपवल्याच्या मूळ आदेशात बघावं लागतं. सोपवलेला अधिकार, तशी मुभा नसेल तर, पुढे आणखी कुणाला सोपवता येत नाही. प्रभारी अधिकारी सही करणार असेल, तर प्रभाराच्या आदेशात धोरणात्मक निर्णयांबद्दल काय म्हटलं आहे तेही तपासा. खर्च वाढत असेल, सेवाशर्तींना हात लागत असेल किंवा नागरिकाला कायद्याने दिलेलं काही कमी होत असेल, तर तो विषय ‘अंतर्गत’ राहिलेलाच नाही. त्याचा मार्ग वेगळा.

दुसरी गफलत इतिवृत्तात होते. ‘विषयावर सविस्तर चर्चा झाली’ ही मंजुरी नव्हे. आणि ‘चर्चेतील सूचनांसह मंजूर’ हे त्याहून धोक्याचं, कारण सूचना तोंडी असतात. चार दिवसांनी मसुदा दुरुस्त करायला बसलेला माणूस आठवणीवर विसंबतो, आणि मंडळाने पाहिलेला मजकूर वेगळा, निघालेला वेगळा. बैठकीतच बदललेलं कलम मोठ्याने वाचून दाखवा, ते शब्दशः इतिवृत्तात घ्या, आणि मंजूर झालेल्या मसुद्याचा आवृत्ती क्रमांक व तारीख तिथेच नोंदवा. मला स्वतःला ही सवय लागेपर्यंत दोनदा शुद्धिपत्रक काढावं लागलं आहे.

अभिप्राय मागवण्यातल्या चुका

‘सात दिवसांत अभिप्राय न कळवल्यास सहमती गृहीत धरण्यात येईल.’ फाइल पुढे सरकवायला हे वाक्य उपयोगी पडतं, पण त्याने सहमती मिळत नाही. गप्प राहिलेली शाखा अंमलबजावणीच्या वेळी बोलते, आणि तोवर सही झालेली असते. वित्त आणि विधी यांच्याबाबत तरी गृहीत धरू नका. उठून जा, समोर बसा, लेखी घ्या.

क्रमही बहुतेक वेळा उलटा असतो. मसुदा आधी वर दाखवला जातो, ‘तत्त्वतः मान्य’ होतो, आणि मग खाली अभिप्रायाला येतो. साहेबांनी मान्य केलेल्यावर कोण प्रामाणिक शेरा मारणार? आधी पटलावर, म्हणजे प्रत्यक्ष प्रकरणं हाताळणाऱ्या टेबलावर, काम करणाऱ्याकडे जा. त्याला ‘मसुदा कसा वाटला’ असं विचारू नका; ‘चांगला आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. मागच्या वर्षातली तीन खरी प्रकरणं काढा, एक सरळ, एक किचकट आणि एक तक्रारीपर्यंत गेलेलं. नवीन मसुदा लागू आहे असं धरून ती त्याच्याकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून घ्या. तो कुठे अडतो, कुठला कागद मागतो, कुणाला फोन करावा लागेल म्हणतो, ते लिहून घ्या. मसुदा सुधारण्याचा यापेक्षा चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही, आणि यात एक दुपार जाते.

आलेल्या अभिप्रायांचा तक्ता ठेवा: कुणाचा, कोणत्या कलमावर, मान्य की अमान्य, कारण काय. अमान्य केलेल्याचं कारण लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. पाच वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा येतो, तेव्हा ते कारण माहीत असलेला माणूस बदलून गेलेला असतो.

अपवादाला जागाच नसणं

‘कोणत्याही परिस्थितीत सवलत दिली जाणार नाही’ हे वाक्य कडक दिसतं, पण न्यायालयात कच्चं ठरू शकतं. ब्रिटनमध्ये यंत्रसामग्रीसाठी अनुदान देणाऱ्या खात्याने ठरवलं होतं की २५ पौंडांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूला अनुदान नाही. एका ऑक्सिजन कंपनीने सिलिंडरवर ४० लाख पौंडांहून जास्त खर्च केला होता, पण एकेक सिलिंडर २० पौंडांच्या आतला. प्रकरण १९७० मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेलं. खात्याला असा नियम ठेवता येईल, असं तिथे ठरलं. पण नवीन काही सांगायला आलेल्याचं म्हणणं ऐकायची तयारी हवी. म्हणून अपवाद कोण देईल, कोणत्या कारणांवर देईल आणि त्याची नोंद कुठे होईल, हे धोरणातच लिहा. नाहीतर अपवाद होतातच, फक्त ते तोंडी होतात.

जुनं रद्द न करणं आणि नवीन न पोचवणं

‘यापूर्वीचे सर्व आदेश अधिक्रमित करण्यात येत आहेत’ असं घाऊक लिहिलं की हवं असलेलंही काही रद्द होतं, आणि नक्की काय रद्द झालं हे कुणाला कळत नाही. क्रमांक आणि तारीख देऊन एकेक आदेश लिहा. शुद्धिपत्रकं तीन झाली की चौथं काढू नका. सगळे बदल धरून एकत्रित मजकूर नव्याने प्रसृत करा.

प्रसिद्धीकडे मात्र ‘पाठवून दिलं की झालं’ अशा नजरेने पाहिलं जातं, आणि त्याची किंमत मोठी असू शकते. ब्रिटनच्या गृह खात्याचं शिक्षा भोगून झालेल्या परदेशी कैद्यांबद्दलचं जाहीर धोरण सुटकेकडे झुकणारं होतं. प्रत्यक्षात एप्रिल २००६ ते सप्टेंबर २००८ या काळात जवळपास सगळ्यांना अडकवून ठेवण्याचं एक अप्रकाशित धोरण चालवलं गेलं. अशाच एका कैद्याच्या, लुंबाच्या, खटल्यात मार्च २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही स्थानबद्धता बेकायदा ठरवली. कायदेशीर धोरणानेही त्यांना स्थानबद्ध केलंच गेलं असतं म्हणून भरपाई एका पौंडाची नाममात्र होती, पण मुद्दा स्पष्ट झाला: जाहीर धोरणाच्या विरुद्ध जाणारं न सांगितलेलं धोरण चालवता येत नाही. ‘सध्या असंच करा, परिपत्रक नंतर काढू’ अशी तोंडी सूचना आली की मला हा खटला आठवतो.

धोरण निघालं, पण चालत नाही?

त्याच कलमाबद्दल वेगवेगळ्या शाखांमधून एकसारखे फोन येत असतील, तर प्रशिक्षणाच्या आधी ते कलम उघडून बघा. वाक्यच संदिग्ध असतं. अपवादाचे अर्ज वाढत असतील, तर नियमाची मर्यादा चुकीच्या जागी आखली आहे. पटलावर जुनीच प्रत दिसत असेल, तर नवीन प्रतीवर आवृत्ती आणि अंमलाची तारीख ठळक आहे का, आणि संकेतस्थळावरून जुनी फाइल काढली आहे का, ते पाहा. सगळे ‘पालन होत आहे’ असं कळवतात पण तक्रारी तशाच असतील, तर अहवाल मागवणं थांबवा आणि अंमलानंतरची पाच प्रकरणं स्वतः उघडून वाचा.

पुनर्विलोकनाची तारीखही ‘वेळोवेळी’ अशी ठेवू नका. महिना आणि वर्ष लिहा, जबाबदार पदनाम लिहा, आणि त्या दिवसापर्यंत आलेले फोन, अपवाद आणि आक्षेप त्याच फाइलमध्ये टाकत चला. पुढचा मसुदा लिहायला बसणाऱ्याला ती फाइल उघडल्यावर पहिल्याच पानावर कळेल की कोणत्या कलमापासून सुरुवात करायची.