रंग देण्याआधी मॉडेलची तयारी: या चुका टाळा

किटमधून विमानांची प्लॅस्टिक मॉडेल्स जोडणाऱ्या नवशिक्यांचे प्रश्न ठरलेले असतात. एअरब्रश कोणता घेऊ, चंदेरी रंग कुठल्या कंपनीचा चांगला? त्यांचं मॉडेल हातात घेतलं की पंखाच्या कडेला स्प्रूचा, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात तिचा, खुंट तसाच असतो आणि क्षेपणास्त्रावरून साच्याची रेघ टोकापर्यंत गेलेली असते. त्यावर रंगाचे चार हात. रंगाचा थर इतका पातळ असतो की खाली जे आहे तेच वर दिसतं. १/७२ मापात, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतकं असताना, ०.१ मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा चर. असं विमान कुठलाही तंत्रज्ञ उडू देणार नाही.

सगळ्यात महागात पडते ती पुट्टीची घाई. ओळखीतला एक कॉलेजचा मुलगा भारतीय हवाई दलाचं मिग-२१एफएल करत होता, नुसत्या धातूच्या चंदेरी रंगातलं. या विमानाचं धड बहुतेक किटमध्ये डाव्या-उजव्या दोन भागांत येतं, त्यामुळे सांधा नेमका पाठीवरून जातो, सगळ्यात आधी नजर पडते तिथून. त्याने संध्याकाळी फट एका दमात जाड पुट्टीने भरली, सकाळी घासली आणि रात्री चंदेरी मारला. दिसत होतं सुंदर. काही आठवड्यांनी तो डबा घेऊन आला. कॅनॉपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या काचेच्या, मागून थेट शेपटीपर्यंत बारीक खोलगट रेघ उमटली होती.

‘काका, मी दोनदा घासलं होतं हो.’

घासलं होतंच. पण ट्यूबमधल्या पुट्टीत थिनर असतो. तो वरून आधी उडतो, वर कडक पापुद्रा धरतो आणि आत ओल राहते. पुट्टी पुढे कितीतरी दिवस आक्रसत राहते. शिवाय तोच थिनर आजूबाजूचं प्लॅस्टिक मऊ करतो. त्यात चंदेरी रंग. हिरव्या-करड्या छद्मरंगात असली रेघ एखाद वेळी खपून जाते, चंदेरीत उजेड तिच्यावरच चमकतो. शेवटी ॲक्रिलिक रंग अल्कोहोलने उतरवला, पुट्टी खरवडून काढली आणि फट सुपरग्लूने भरली. सुपरग्लू आक्रसत नाही. मात्र तो सुकल्यावर तासाभरात घासायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत तो प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि मग पॉलिश पेपरखाली प्लॅस्टिकच आधी झिजतं.

माझी सवय विचाराल तर पुट्टीची वेळच येऊ देत नाही. पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून जोडणारा गोंद, सांध्यात सोडायचं, थोडं थांबायचं आणि दोन्ही भाग एकमेकांवर असे दाबायचे की वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक कणा सांध्यावर उभा राहील. मग त्याला दोन दिवस हात लावायचा नाही. नंतर ब्लेड उभं धरून खरवडायचं आणि ४००, ६००, १००० अशा क्रमाने वॉटर पेपर पाण्यात बुडवून फिरवायचा. सांध्यावर चंदेरी रंगाचा एक हलका हात मारून टॉर्च आडवा धरला की राहिलेला दोष लगेच कळतो. ज्यांना शनिवारी किट उघडून रविवारी फोटो टाकायचा असतो, त्यांना हे दोन दिवस जड जातात. ज्याला थांबता येत नाही त्याने एका वेळी दोन किट सुरू करावीत.

दुसरी चूक न धुण्याची. ‘किट नवीन तर आहे, धुवायचं काय?’ साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला चिकट थर सुट्या भागांवर राहू शकतो, आणि जोडणी करताना आपल्याच बोटांचं तेल त्यावर बसतं. पाण्यात मिसळायचे ॲक्रिलिक रंग अशा जागी धरत नाहीत, थेंब थेंब होऊन मागे सरकतात. धरले तरी मास्किंग टेप काढताना त्या जागेवरचा रंग सालीसारखा टेपबरोबर येतो. भाग स्प्रूवर असतानाच कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घासा. खाली चहाची गाळणी धरा, सुटलेला, वेग मोजणाऱ्या पिटो नळीसारखा बारीक भाग मोरीत गेला तर परत मिळत नाही. पाणी कढत नको, पातळ पंख वाकतात. उन्हात वाळवू नका, पंख्याखाली ठेवा. रेझिनचे भाग असतील तर त्यांना दुप्पट घासा, कारण त्यांच्यावरचा थर जास्त हट्टी असतो. त्यांची भुकटी फुफ्फुसांना वाईट, म्हणून मास्क लावून ओलंच घासा.

जोडणीनंतर मॉडेल पाण्यात बुडवता येत नाही, कॉकपिटमध्ये पाणी शिरतं. तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याचं फडकं. कापूस नको, तंतू राहतात. आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर बिलकूल नको. त्यात बहुधा ॲसिटोन असतं, प्लॅस्टिक विरघळतं. घरात सहज मिळतं म्हणून ते वापरून पंखावरच्या रेषा घालवलेली मॉडेल्स पाहिली की जीव तुटतो.

भाग स्प्रूवरून पिळून तोडू नका. निपरने, म्हणजे छोट्या कटरने, आधी लांबून कापा, मग जवळून, आणि उरलेला खुंट घासून काढा. जवळून एकदम कापलं की कडेचा तुकडा निघतो किंवा प्लॅस्टिक पांढरं पडतं.

चाकांचे दांडे आणि क्षेपणास्त्रं कागदाने घासली की चपटी होतात. तिथे ब्लेडनेच खरवडा.

साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल खड्डे चाकांच्या दारांच्या आतल्या बाजूला बुजवा. सीटखाली, पंखाच्या पोटात कुणी बघणार नाही, तिथे वेळ घालवू नका.

घासताना पुसट झालेल्या पॅनलच्या (विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा प्रायमरच्या, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराच्या, आधी पुन्हा कोरा आणि त्यात अडकलेली भुकटी ब्रशने काढा, नाहीतर प्रायमर ती तिथेच पक्की करतो.

कॅनॉपीजवळ सुपरग्लू नकोच, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. पांढरा फेविकॉल पुरतो.

आणि मुंबई-कोकणात जुलैच्या धो-धो पावसात लॅकर प्रायमर मारायला बसू नका. हवेतल्या दमटपणाने तो दुधाळ पडतो. एखादा कोरडा दिवस येईपर्यंत मॉडेल झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि बाहेर काढताना हातमोजे घाला.