गाडीचं वजन उतरवणारे कारखाने शहरात आणायचे तर

गाड्या हलक्या करायला पोलादाऐवजी वापरतात ते ‘हलके पदार्थ’ हा एक उद्योग नाही, निदान तीन-चार आहेत. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७, मॅग्नेशियमची १.७४ आणि कार्बन फायबर कंपोझिटची (कार्बनचे धागे राळेत बसवून केलेल्या पदार्थाची) साधारण १.६. कागदावर सगळे एका तक्त्यात बसतात. कारखान्यात मात्र ॲल्युमिनियमवाल्याला गॅस लागतो, कंपोझिटवाल्याला शीतगृह आणि मॅग्नेशियमवाल्याला आग विझवायची वेगळीच सोय. सगळ्यांना एकच गुळगुळीत माहितीपत्रक पाठवलं की कोणाच्याच प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. म्हणून आधी आपल्याला नेमका कोणता उद्योग हवा आहे, ते ठरवा.

उदाहरणाला छत्रपती संभाजीनगर घेऊ. वाळूजला बजाज १९८५ पासून, शेंद्र्याला स्कोडा २००१ पासून, आणि शेंद्रा-बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांची ऑरिक ही औद्योगिक नगरी. इथे कंपोझिटच्या मागे धावण्याआधी ॲल्युमिनियम डाय कास्टिंग (वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, भरून भाग बनवणं) पकडावं, कारण गिऱ्हाईक दारात आहे.

गिऱ्हाईक आधी, भूखंड नंतर

तीन तासांच्या अंतरातल्या वाहन कारखान्यांची यादी करा. कोणते भाग बाहेरून येतात, एका नगाचं वजन किती, वर्षाला नग किती, आता कुठून येतात, हे खरेदी विभागाकडून काढा. इथे एक खोच आहे. बॅटरीची पेटी किंवा मोटारीचं आवरण मोठं आणि पोकळ असतं. ट्रक वजनाने भरायच्या आत जागेनेच भरतो आणि नगामागे भाडं अंगावर येतं. असे भाग बनवणारा गिऱ्हाइकाजवळ यायला तयार होतो. मुठीत मावणारे ब्रॅकेट कुठूनही स्वस्तात येतात, त्यांच्यासाठी कोणी नवा कारखाना टाकत नाही. ‘सहा महिन्यांत तुमच्याकडून कोटेशन मागवू’ असं खरेदी प्रमुखाचं साधं पत्र मिळालं, तर ते समारंभात सही झालेल्या दहा सामंजस्य करारांना भारी पडतं.

गॅसचा हिशेब

महिन्याला ५०० टन तयार कास्टिंग काढायचं, तर रनर, ओव्हरफ्लो (साच्याच्या वाटांत आणि कडेला गोठलेला जादा धातू) आणि रद्द झालेले नग परत भट्टीत जातात. म्हणजे वितळवायचा माल ८०० ते १,००० टन. चांगल्या टॉवर भट्टीला टनामागे साधारण ६० ते ८० घनमीटर नैसर्गिक गॅस लागतो. ७० धरले तर दिवसाला सुमारे २,००० घनमीटर. ‘पाइपलाइन येणार आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. भूखंडाच्या फाटकाशी किती दाब, रोज किती गॅस आणि कोणत्या तारखेपासून, हे गॅस कंपनीकडून लेखी घ्या. तोवर गॅस नसेल तर तसं सांगून टाका आणि एलपीजी वापरून टनामागे किती फरक पडतो तो मांडा.

विजेचंही तसंच. दर सगळ्यांना माहीत असतो. गुंतवणूकदाराला फीडर (भूखंडाला वीज पुरवणारी वाहिनी) किती वेळा बंद पडला ते हवं असतं, कारण होल्डिंग भट्टी (वितळलेला धातू गरम ठेवणारी) थंड पडली की धातू आतच गोठतो आणि अस्तर फोडून काढावं लागतं. महावितरणकडून त्या फीडरची १२ महिन्यांची, तारीखवार नोंद मागा. वाईट असेल तरी दाखवा, सोबत दुरुस्तीचा आराखडा द्या.

जमिनीखाली काय आहे

मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मोठ्या कास्टिंग यंत्राची लेव्हल थोडी हलली तरी डाय नीट बंद होत नाही आणि फ्लॅश येतो, म्हणजे फटीतून जादा धातू बाहेर येतो. कठीण खडक किती फुटांवर आहे, हे प्रत्येक मोठ्या भूखंडावर बोअर घेऊन अहवालात द्या. उच्चदाबाची तार, नाला, बाजूचं अतिक्रमण नकाशात आधीच दाखवा. मोठी डाय १० ते २० टनांची असते, तेव्हा तयार शेड देत असाल तर क्रेनची क्षमता आणि फरशी किती भार पेलते ते लिहून द्या.

मळी, धूळ, आग

भट्टीवरची मळी, म्हणजे ड्रॉस, पावसात भिजली की अमोनिया आणि पेट घेणारे वायू सुटतात. ती धोकादायक कचऱ्यात मोडते. छपराखाली साठवण, अधिकृत विल्हेवाट केंद्राचं अंतर आणि टनामागचा दर आधीच काढून ठेवा. डाय लुब्रिकंटचं तेलकट पाणी सामायिक सांडपाणी केंद्र घेतं का, विचारा. बहुतेकदा आधी तेल वेगळं करून मगच घेतात.

पॉलिशिंगची ॲल्युमिनियम धूळ स्फोट करू शकते. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. अग्निशमन दलाकडे कोरडी वाळू आणि धातूच्या आगीची पावडर आहे का? नसेल तर मॅग्नेशियमवाल्याला बोलवायची घाई करू नका.

कंपोझिट पुढे आणायचंच असेल तर प्रीप्रेग (आधीच राळेत भिजवलेलं कार्बनचं कापड) उणे १८ अंशांत ठेवावं लागतं, बंदरापासून दारापर्यंत साखळी तुटता कामा नये. कार्बनची धूळ विजेची वाहक आहे. ती पॅनेलमध्ये शिरली की शॉर्ट होतं. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या शेजारचा भूखंड देऊ नका.

माणसं आणि सवलती

इंडो-जर्मन टूल रूम (डाय आणि हत्यारं बनवायचं प्रशिक्षण देणारी) आणि सिपेट (प्लास्टिक तंत्रज्ञानाची) या दोन्ही संस्था शहरात आहेत, हे मोठंच भांडवल. फक्त ‘कुशल मनुष्यबळ’ असं लिहू नका; डाय दुरुस्त करणारे किती, एक्स-रे बघून कास्टिंगमधली सच्छिद्रता (आतली बारीक छिद्रं) ओळखणारे किती, हे आकड्यात द्या. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, तिचा वेळ वेळापत्रकात धरा.

राज्य सरकारच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या सवलती माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर ठेवा. परतावा उशिरा येऊ शकतो हे कंपनीच्या वित्त विभागाला माहीत असतं, म्हणून तो हिशेबात ही रक्कम बरीच कमी करूनच धरतो.

पाहुणे येण्याआधी वाळूजच्या चार जुन्या कारखानदारांना भेटा. सीएमआयए किंवा मसिआ या इथल्या उद्योजक संघटनांमार्फत गाठ पडते. गुंतवणूकदार आदल्या रात्री त्यांनाच फोन करून विचारतो, गेल्या पावसाळ्यात वीज किती तास गेली होती. त्यांचं उत्तर आणि तुमची फीडरची नोंद जुळली पाहिजे.