शाळेला मुख्याध्यापक नाही? फाइल कुठे अडली ते असं शोधा

मुख्याध्यापक निवृत्त होतात, नवे येत नाहीत, आणि वर्गावर शिकवणाऱ्या एखाद्या बाईंकडे ‘प्रभारी’ म्हणून किल्ल्या येतात. महिनाभरासाठी म्हणून आलेल्या किल्ल्या दोन-दोन वर्षं त्यांच्याकडेच राहतात. मग कुणीतरी पालकांना सांगतं, “वाशीला बोर्डात जाऊन तक्रार करा.” ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून अर्धा दिवस मोडून गेलेले पालक मी दरवर्षी पाहते. कृपा करून जाऊ नका. तो पत्ता या कामाचा नाही.

वाशीला आहे ते महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय. मंडळ १९६५च्या कायद्याने आलं आणि १ जानेवारी १९६६ला सुरू झालं. मुख्यालय पुण्यात, राज्यात नऊ विभागीय मंडळं, आणि मुंबई विभागात मुंबई, ठाणे, पालघर, रायगड. दहावी-बारावीच्या परीक्षा, केंद्रं, गुणपत्रिका, प्रमाणपत्रं हे त्यांचं काम. शाळेत मुख्याध्यापक कोण असावा हे मंडळ ठरवत नाही, रिकामी जागा भरतही नाही. ‘शिक्षण मंडळ’ या नावाने घोळ होतो, कारण महापालिकांचीही पूर्वी स्वतःची शिक्षण मंडळं होती आणि जुने लोक अजून तोच शब्द वापरतात. आता ते काम महापालिकेचा शिक्षण विभाग बघतो.

मी कळव्यात राहते. मुलगा महापालिकेच्या शाळेत होता तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीवर होते. मुलगा शाळेतून बाहेर पडला, पण दुसऱ्या शाळांचे पालक अजून कागद घेऊन येतात.

शाळा कोणाची, ते आधी नक्की करा

फलकावर ‘मराठी माध्यम’ लिहिलंय का ‘सीबीएसई’, याने काही ठरत नाही. नवी मुंबई महापालिका सीबीएसईच्या शाळाही चालवते. संलग्नता वेगळी आणि मालकी वेगळी. शाळेच्या यूडायस क्रमांकावरून, म्हणजे सरकारी नोंदीतल्या क्रमांकावरून, व्यवस्थापनाचा प्रकार कळतो. हा अकरा आकडी क्रमांक शाळेच्या कोणत्याही कागदावर असतो.

महापालिकेची शाळा असेल तर महापालिकेचा शिक्षण विभाग, आणि शेवटची सही आयुक्तांकडे. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडची जिल्हा परिषदेची शाळा असेल तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग ठाणे जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आणि त्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. संस्थेची अनुदानित माध्यमिक शाळा असेल तर नेमणूक संस्था करते आणि मान्यता शिक्षणाधिकारी (माध्यमिक) देतात. या सगळ्यांच्या वर विभागीय शिक्षण उपसंचालक, पुण्यातले संचालक व शिक्षण आयुक्त, आणि मंत्रालयातला शालेय शिक्षण विभाग.

एक गोष्ट नवी मुंबईकरांनी लक्षात ठेवावी. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे, म्हणून नेरुळच्या अनुदानित हायस्कूलचा कागद ठाण्याला जातो. खारघर, कामोठे, कळंबोली रायगडमध्ये येतात, त्यांचा कागद अलिबागला. खारघरच्या एका पालकांचे तीन महिने केवळ यात गेले.

पद मंजूर आहे का?

हे न विचारता भांडायला जाऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला १५० पेक्षा जास्त मुलं असतील तर मुख्याध्यापक, सहावी ते आठवीला १०० पेक्षा जास्त असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात शाळेला किती पदं मिळणार हे दरवर्षीच्या संचमान्यतेत ठरतं आणि ती ३० सप्टेंबरच्या पटावर होते. गेल्या काही वर्षांत आधार जुळलेलीच मुलं धरण्यावर भर आहे. पट १५४ असेल आणि पाच मुलांच्या आधारमध्ये नावाची चूक असेल, तर कागदावर १४९ राहतात. मग अडचण शिक्षण विभागात नाही, त्या पाच आधार कार्डांत आहे. ती जुलै-ऑगस्टमध्ये दुरुस्त करून घ्या.

माहिती अधिकाराचा अर्ज: सगळी गफलत इथेच होते

पद मंजूर आहे आणि तरी माणूस नाही, तर कुठल्यातरी टेबलावर फाइल थांबलेली आहे. ती कुठे आणि कशासाठी थांबली हे कळल्याशिवाय केलेली निवेदनं, भेटी, उपोषणाचे इशारे वाया जातात. अधिकारी “प्रक्रिया सुरू आहे” म्हणतात आणि आपल्याला पुढचा प्रश्न विचारता येत नाही, कारण कुठली प्रक्रिया ते आपल्याला माहीत नसतं.

माझा पहिला अर्ज चार पानी होता. अजून मुख्याध्यापक का नेमला नाही, याला जबाबदार कोण, मुलांच्या नुकसानीचं काय, असे अकरा प्रश्न त्यात होते. तीस दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: ‘मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ मला फार संताप आला होता. पण कायदा पुन्हा वाचल्यावर कळलं की चूक माझीच होती. माहितीचा अधिकार हा कार्यालयाकडे असलेला कागद मिळवण्याचा अधिकार आहे. ‘का’ या प्रश्नाचा कागद नसतो. त्या दोन महिन्यांत आमच्या प्रभारी बाई ऑफिसात माहितीचे तक्ते भरत बसायच्या आणि त्यांचा सहावीचा वर्ग शेजारच्या वर्गात दाटीवाटीने, एका बाकावर चार मुलं असा बसायचा. म्हणून हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय चालतो आणि तो दीडशे शब्दांत बसवावा लागतो. २०१२पासून तसा नियम आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. मी आता एवढंच लिहिते:

‘विषय: अमुक शाळेतील मुख्याध्यापक पद. पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. १) चालू व मागील वर्षाची संचमान्यता. २) मुख्याध्यापक पदोन्नतीसाठी वापरात असलेली सेवाज्येष्ठता यादी, तिच्या प्रसिद्धीच्या तारखेसह. ३) सदर पद भरण्याबाबतची नस्ती, टिपणी भागासह. ४) प्रभारी कार्यभार सोपवल्याचा आदेश.’

नस्ती म्हणजे फाइल. ‘टिपणी भागासह’ हे दोन शब्द गाळू नका. नाहीतर नुसता पत्रव्यवहार मिळतो, आणि पत्रव्यवहारातून काही कळत नाही. टिपणीत लिपिकाने काय मांडलं, अधीक्षकाने कोणता शेरा मारला, कुणी कधी सही केली, हे सगळं असतं. हाती आल्यावर आधी समासातल्या तारखा वाचा, मजकूर नंतर. दोन तारखांमध्ये जिथे मोठी फट दिसेल, तिथे बोट ठेवा.

एका शाळेच्या टिपणीत मला अशी फट सापडली. पिवळट कागद, डाव्या समासात निळ्या शाईचा शेरा: ‘अंतिम सेवाज्येष्ठता यादी जोडून फेरसादर करावे.’ त्याखाली सही आणि तारीख. त्यानंतरचं पान सात महिन्यांनी सुरू होत होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की यादी दोन वर्षं तात्पुरतीच होती. तीन शिक्षकांनी हरकती घेतल्या होत्या आणि त्यांवर कुणी निर्णयच दिला नव्हता. तोवर आम्ही ‘मुख्याध्यापक द्या’ म्हणत होतो. त्या दिवसापासून आमची मागणी बदलली: ‘तीन हरकतींवर सुनावणी घ्या आणि यादी अंतिम करा.’ ही मागणी टाळता येत नाही, कारण तिला ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे उत्तर लागू पडत नाही. तारीख दिली, सुनावणी झाली, यादी लागली.

अर्ज हाताने द्या आणि प्रतीवर आवक शिक्का व क्रमांक घ्या. शिक्क्याची तारीख वाचता येत नसेल तर तिथेच उभं राहून दुसरा शिक्का मारून घ्या. तीस दिवस त्याच तारखेपासून मोजायचे असतात. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. पण आयोगापर्यंत गेलात तर शाळेचं वर्ष निघून जातं. म्हणून पहिलाच अर्ज नीट लिहा.

आणखी एक ठाम मत. तयार नमुने मोबाइलवर फिरतात, त्यांत पंचवीस-पंचवीस मुद्दे असतात. ते वापरू नका. शब्दमर्यादेवरच अर्ज परत येतो.

संस्थेची शाळा असेल तर

इथे महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम १९७७ आणि त्याची १९८१ची नियमावली लागू होते. मुख्याध्यापक पदवीधर व बी.एड. हवा आणि पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव हवा, त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची. या अटी पूर्ण करणारा आणि सेवा समाधानकारक असलेला सर्वांत ज्येष्ठ शिक्षक नेमायचा. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक कायद्यानेच दिली आहे, त्यांच्याशी ज्येष्ठतेवरून वाद घालू नका.

ज्येष्ठता कशी मोजायची ते नियमावलीच्या अनुसूची ‘फ’मध्ये आहे. पालकच काय, शिक्षकही इथे चुकतात. नुसती शाळेत लागल्याची तारीख बघून चालत नाही. माध्यमिकला प्रशिक्षित पदवीधराच्या प्रवर्गात शिक्षक कधी आला ते बघतात. आधी लागलेला पण बी.एड. उशिरा केलेला शिक्षक मागे जाऊ शकतो. दोघांची त्या प्रवर्गातली तारीख एकच असेल तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. यादी सगळ्या शिक्षकांना दाखवून सह्या घ्याव्या लागतात. सह्यांचा रकाना रिकामा असेल, तर तिथेच पहिली हरकत आहे.

डावललेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येतं. ते त्याने करायचं असतं, पालकांनी त्याच्या वतीने नाही. संस्थेच्या विश्वस्तांमध्येच वाद असेल आणि धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज (विश्वस्त बदलल्याच्या नोंदीचा) पडून असेल, तर नेमणूक कुणाच्या सहीने करायची यावरच फाइल थांबते. अशा वेळी शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रभारीला सह्यांचे अधिकार देण्याची मागणी आधी करा, म्हणजे शिक्षकांचे पगार अडत नाहीत.

समितीचा ठराव

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या महिला. सरकारी व महापालिकेच्या शाळेत या समितीच्या ठरावाला वजन आहे. अनुदानित शाळेत ती सल्ला देऊ शकते. ठरावात टिपणीतला शेरा आणि तारीख जशीच्या तशी उतरवा. त्यासोबत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. त्याच कायद्याचं कलम २६ शिक्षकांच्या मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिकामी ठेवू देत नाही. शाळेत शिक्षकांचीही पदं रिकामी असतील तर हेही लिहा.

नगरसेवकांना भेटायचं असेल तर ठराव झाल्यावर भेटा, त्याची प्रत हातात घेऊन.

नवे मुख्याध्यापक रुजू झाले की

पेढे वाटा. पण त्याच बैठकीत त्यांना त्यांची निवृत्तीची तारीख विचारा आणि इतिवृत्तात लिहून ठेवा. शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतात आणि ती तारीख सेवापुस्तकावरून आधीच ठरलेली असते. आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख सर्रास १ जून लावलेली आहे, त्यामुळे असंख्य मुख्याध्यापक ३१ मेला एकदम निवृत्त होतात आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा खुर्ची रिकामी असते. तारीख वहीत असेल तर आदल्या डिसेंबरच्या बैठकीतच ‘सेवाज्येष्ठता यादी अंतिम झाली आहे का’ हा एका ओळीचा ठराव करून शिक्षण विभागाला पाठवता येतो. आवक शिक्का तेव्हाही घ्या.