खान्देशच्या उन्हाळ्यात इन्सुलिन कसं टिकवायचं

इन्सुलिन हे प्रथिन आहे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या जातीतलं. त्यात 51 अमिनो आम्लं दोन साखळ्यांत ओवलेली असतात, एकीत 21 आणि दुसरीत 30. गंधकाचे दोन टाके या साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. तिसरा टाका लहान साखळीच्या आतच असतो. या टाक्यांनी आणि घड्यांनी जो आकार येतो, तोच पेशीवरच्या ग्राहीत, म्हणजे इन्सुलिन ओळखणाऱ्या खाचेत, नेमका बसतो. घड्या मोडल्या की आम्लांचा क्रम तोच राहतो, पण औषध लागू पडत नाही. (गिळलं तर पोट ते वरणासारखं पचवून टाकतं, म्हणून तर सुई.)

बाटलीत हे रेणू जस्ताच्या दोन आयनांभोवती सहा-सहाच्या गटानं बसतात आणि गटात असेपर्यंत टिकतात. उष्णतेनं सुटा रेणू उलगडतो, आत दडलेला, पाण्याला नको असलेला भाग उघडा पडतो, आणि असे रेणू एकमेकांना चिकटून तंतू होतात. हिसके बसले तर हे आणखी लवकर होतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडं पारा 45 च्या आसपास असताना मोटारसायकलच्या डिकीत ऊन आणि हिसके दोन्ही मिळतात. बाटली तिथं ठेवूच नका.

न उघडलेली बाटली फ्रीजच्या मधल्या फळीवर, 2 ते 8 अंशांत ठेवा. बर्फाच्या कप्प्याला टेकू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी फेकायचं. वापरातली बाटली 30 अंशांच्या आत बहुतेक 28 दिवस चालते. नेमके दिवस डब्यातल्या पत्रकात बघा आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा.

फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तर मोठ्या मडक्यात लहान मडकं बसवा, मधल्या दोन बोटं फटीत वाळू भरा आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवा. बाटली कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवा, तोंडावर ओलं फडकं टाका. मडकी सावलीत, वारा लागेल अशी हवीत, पत्र्याखाली नकोत. चैत्र-वैशाखातल्या कोरड्या हवेत हे छान चालतं, आषाढात हवा दमट झाली की गार होणं मंदावतं. म्हणून आत साधा थर्मामीटर ठेवाच.

टोचण्यापूर्वी बाटली उजेडात धरा. पाण्यासारखं असणारं इन्सुलिन गढूळ झालं असेल तर ते गेलं. दुधाळ प्रकार तळहातांत वीसेक वेळा हळू घोळवा, खळखळवू नका. तरीही गुठळ्या राहिल्या किंवा काचेवर पांढरी साय धरली तर टाकून द्या.

पण स्वच्छ दिसणारं इन्सुलिनही कमजोर झालेलं असू शकतं. जेवण-डोस तेच आणि साखर मात्र चढतेय, असं दिसलं तर नवी बाटली उघडा आणि डॉक्टरांना कळवा. डोस मनानं वाढवू नका. कमजोर बाटलीवर वाढवलेले युनिट चांगल्या बाटलीतून तेवढेच घेतले, तर साखर एकदम खाली जाते.